आमची वाटचाल : गोदीतला स्फोट, आठवीचा तास

लग्नपत्रिका, स्मरणिका, दुकानांच्या पाट्या हे आमच्या छोट्या डिझाइन स्टुडिओचं मूळ काम. शाळांकडे आम्ही वळलो ते एका कलाप्रकल्पामुळे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेल्या स्फोटावर काही चित्रकारांनी कोलाजचं प्रदर्शन मांडलं होतं. त्याचा कॅटलॉग आम्ही केला. प्रदर्शन उतरल्यावर चित्रं गोडाऊनमध्येच जाणार होती. ‘यातून मुलांसाठी काही होईल का?’ असं चित्रकारांनीच विचारलं. त्यातून पत्ते आणि कृतिपत्रिका असा शाळांसाठीचा संच तयार झाला.

चित्रकाराचं काम धुरापासून सुरू होतं, वर्गात मात्र आधी जहाज भरावं लागतं. गोदीत स्फोट झालेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, सोन्याच्या लगडी होत्या, कराचीत कापसाच्या गाठी आणि तेलाची पिंपंही चढली. कोलाजमधली चित्रं घेऊन आम्ही या मालाचे खेळायचे पत्ते केले. कुठला माल कुठे ठेवायचा ते मुलांनी गटात ठरवायचं, खरी यादी नंतर उघडायची. कापसाजवळ दारूगोळा ठेवायला मुलं तयारच होत नाहीत. मग मोठ्यांनी तो का ठेवला, यावर वाद रंगतो आणि युद्धातली जहाजांची टंचाई, घाई हे सगळं ओघानं येतं.

दुसरी कृतिपत्रिका सेन्सॉरशिपची. स्फोटाची बातमी जपानच्या नियंत्रणाखालच्या सायगाव रेडिओनं दिली, इथल्या वृत्तपत्रांना सविस्तर छापायला मे महिना उजाडला. मुलांनी १५ एप्रिलचं पहिलं पान स्फोटाचा उल्लेख न करता लिहायचं! माझ्या मते संचातलं सर्वांत चांगलं पान हेच. या दुर्घटनेत ६६ अग्निशामक जवान गेले. त्यांच्यावरचं कोलाज मात्र पूर्ण पानभर छापलं. त्याखाली प्रश्न नाही, रिकाम्या जागा भरा नाही.

धंद्याचं म्हणाल तर रंगीत छपाई फक्त पत्त्यांना परवडते. कृतिपत्रिका एकरंगी, कारण शाळा झेरॉक्स काढणारच; किंमत ते धरूनच ठरवली. चित्रकारांना प्रत्येक संचामागे मानधन, तेही लेखी करारानं. या जवानांच्या स्मरणार्थ पाळला जाणारा अग्निशमन सप्ताह ऐन परीक्षांत येतो आणि १४ एप्रिलला तर आंबेडकर जयंतीची सुट्टी, त्यामुळे ऑर्डरी आम्ही शाळा उघडल्या उघडल्याच गोळा करतो.

आता नवा कलाप्रकल्प आला की शाळेच्या संचाचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरायला सांगतो. प्रदर्शन उतरल्यावर कुणाकडे पैसे उरलेले नसतात.