कापडाला कात्री लागली का?

मंगळवारी रात्री साडेदहाला मी भाचीच्या लग्नासाठी शिवलेली नऊवारी ऑनलाइन मागवली. साडीचे ६,८०० आणि शिलाईचे १,२०० असे आठ हजार रुपये भरले. कंबर, सीट, उंची ही मापं फॉर्मात लिहिली. बुधवारी पहाटे भाचीचे आजोबा गेले. लग्न आता वर्षभर तरी नाही, आणि वर्षभरात मापं बदलतात. म्हणून नऊ चाळीसला मी दुकानाला फोन लावला.

"ताई, कस्टमाईज ऑर्डर आहे. कॅन्सल होत नाही, रिफंडही नाही. पॉलिसीच आहे आमची."

मी विचारलं, "कापडाला कात्री लागली का?"

ती मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मास्टर अकराला येतात."

माझी आई लोकांचे ब्लाउज शिवायची. सतरंजीवर कापड पसरून खडूने बेतायची आणि कात्री हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला पुन्हा विचारायची, "गळा एवढाच ना?" खडू झटकला की जातो, पण एकदा कापलं की ते कापड दुसऱ्या कुणाच्या कामाचं राहत नाही. शिवून तयार झालेला एक ब्लाउज गिऱ्हाईक न्यायलाच आलं नाही, तो दोन वर्षं खुंटीला लटकत होता. त्यामुळे मापाने शिवणाऱ्याची बाजू मला कुणी समजावून सांगायला नको. साडी कापली गेली असती तर मी एक शब्द बोलले नसते. पण माझी साडी घडीतच होती, उद्या दुसरीला विकता आली असती. मग आठच्या आठ हजार ठेवून घ्यायचे ते कशाचे?

फोन ठेवला आणि तेच सगळं लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं: ऑर्डर क्रमांक, फोनची वेळ, "मास्टर अकराला येतात" हे वाक्य, आणि "शिवू नका" ही विनंती. हे फार महत्त्वाचं आहे. तोंडी सांगितलेलं कुणी नाकारू शकतं, पण नऊ बावन्नचा मेसेज नाकारता येत नाही.

मग कायदा वाचायला बसले. मन बदललं म्हणून ऑनलाइन ऑर्डर रद्द करण्याचा सरसकट हक्क आपल्याकडे नाही. जर्मनीतली माझी मावसबहीण सांगते की तिकडे तो १४ दिवसांचा आहे, पण मापाने बनवलेल्या वस्तूला नाही. प्रदर्शनात खास मापाचं किचन मागवून मागे फिरलेल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की काम सुरू झालेलं नसलं तरी ही सवलत मिळणार नाही. मला तो निकाल पटला नाही.

आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र अन्याय्य कराराची व्याख्या आहे. ग्राहकाने करार मोडल्यावर समोरच्याचं जेवढं नुकसान झालं, त्याच्याशी अजिबात मेळ नसलेला दंड लावणं हे त्या व्याख्येत बसतं. माझा मुद्दा नेमका हाच होता. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे रद्द करण्याचं शुल्क लावायचं असेल, तर कंपनीने स्वतःहून ऑर्डर रद्द केल्यावर तसंच शुल्क तिनेही सोसायला हवं. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं. वस्तू सदोष निघाली, कबूल केल्यासारखी नसली किंवा ठरल्या तारखेनंतर आली, तर मापाने शिवलेली असली तरी विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. 'कस्टमाईज' या एका शब्दाने हे हक्क पुसले जात नाहीत. हे ठाऊक नसल्याने कितीतरी बायका उसवलेले काष्टे गुपचूप घरी दुरुस्त करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केली, उत्तर आलं नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तिथे निकाल लागत नाही, तक्रार कंपनीपर्यंत पोचवली जाते. पुढे ग्राहक आयोगात जायची माझी तयारी होती. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते. मात्र करारच अन्याय्य आहे अशी तक्रार असेल तर राज्य आयोगाकडे जावं लागतं, हे मला उशिरा कळलं.

तशी वेळ आली नाही. आठव्या दिवशी ७,६०० रुपये खात्यात आले. चारशे कसले कापले ते विचारलं, तर "ऑर्डर प्रोसेसिंग" म्हणाले. त्यावर मी भांडले नाही. भांडायला हवं होतं असं आता वाटतं.

संध्याकाळी त्याच मुलीचा फोन आला. "ताई, पैसे आले ना? तुमची मापं काढून टाकू की ठेवू?"

"काढून टाक," मी म्हटलं. "लग्नाची तारीख ठरली की नव्याने घेऊ."

"चालेल. तेव्हा मास्टरांनी कापायच्या आधी मीच तुम्हाला फोन करीन."