एका शून्य आकड्याची गोष्ट

आज अख्खा दिवस आमच्या टूलच्या एका रकान्यात गेला. चालू व्हीएमची (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाची) डिस्क एका स्टोरेजवरून दुसऱ्यावर हलवायची, तर वेगमर्यादेचा पर्याय कसा द्यायचा? सोपं वाटलं होतं.

सकाळी चाचणी लावली. ५०० जीआयबीची (गिबीबाइट) डिस्क, मर्यादा १००. चहा पिऊन आलो तर प्रगती ०%. जेवून आलो, तरी ०%. मग डोक्यात प्रकाश पडला. विर्श या व्हीएम सांभाळायच्या साधनात ब्लॉककॉपी ही डिस्कची नक्कल करणारी आज्ञा आहे; तिच्यात तोच आकडा सेकंदाला मेबिबाइटमध्ये मोजला जातो, आणि प्रॉक्समॉक्स या व्हीएम चालवायच्या प्रणालीत, जिथे माझी चाचणी चालू होती, किबीबाइटमध्ये, म्हणजे १०२४ पट लहान एककात. मी सवयीने पहिल्यासारखा लिहिला होता. दीड तासाच्या आत संपणारं काम साठ दिवस चाललं असतं!

त्यामुळे आमच्या टूलमध्ये आता नुसता आकडा चालणार नाही, एकक सोबत लिहायचंच. शेजारच्या सहकाऱ्याचं म्हणणं, "अरे, डिफॉल्ट ठेव ना, कोण वाचतंय?" अहो, म्हणूनच तर!

दुसरा वाद शून्याचा. शून्य म्हणजे 'मर्यादा नाही' की 'थांब'? ठरलं, 'अमर्याद' असा शब्दच लिहायचा. मर्यादा नसली की नकलेचा लोंढा गिगाबिट लाइन भरून टाकतो आणि त्याच लाइनवरचे बाकीचे व्हीएम रडायला लागतात. पण फार कमी ठेवली आणि गेस्ट (व्हीएमच्या आतली प्रणाली) त्याहून जोरात डिस्कवर लिहीत असला, तर नक्कल मूळ डिस्कला कधी गाठतच नाही.

बाकी पर्याय उद्या. चाचणीची डिस्क अजून कॉपी होतेय, थांबवायची विसरलो.