वजा ७१

बॅग पलंगावर उघडली, उलटी करून झटकली, तर कोपऱ्यातल्या शिवणीतून चिमूटभर वाळू चादरीवर सांडली. दोन वर्षांपूर्वीची. मधल्या काळात ही बॅग कुठे कुठे जाऊन आली, पण वाळूनं काही जागा सोडली नव्हती. इटलीच्या सार्डिनिया बेटावर किनाऱ्यावरची वाळू, गोटे, शिंपले उचलून न्यायला बंदी आहे. २०१७ च्या कायद्यानं त्याला ५०० ते ३,००० युरो दंड. मी जन्मात सार्डिनियाला गेलेली नाही, तरी ती वाळू तळहातावर गोळा केली आणि उगाच इकडेतिकडे बघून कुंडीत टाकली.

तर, पुन्हा समुद्र. उन्हाळा, परदेश, आठ दिवस. खरं म्हणजे समुद्रावर माणसाला लागतं काय? पोहायच्या कपड्यांचे दोन जोड, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरा. टोपी, गॉगल, ओल्या झाल्या तरी चालतील अशा चपला, आणि संध्याकाळी वारा सुटला की अंगावर ओढायला काहीतरी. एवढं एका पिशवीत मावतं. उरलेली बॅग भरते ती 'असू दे'नं. छत्री? असू दे. कडक इस्त्रीचा ड्रेस? तिथे आपल्याला ओळखतं कोण? पण असू दे. ते जाड पुस्तक तर माझ्याबरोबर चार समुद्र फिरून आलंय. त्याच्या त्रेचाळिसाव्या पानावर सनस्क्रीनचा तेलकट अंगठा उमटलाय. पुढची पानं अजून कोरी करकरीत.

सनस्क्रीनवरून आमच्याकडे दरवर्षी वाजतं. एसपीएफ ३० घ्यायचं की ५०? भाजणारे जे अतिनील-बी किरण असतात, त्यातले ३० वालं साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० वालं ९८. त्या एका टक्क्यासाठी धाकटी बहीण तावातावानं भांडते आणि लावते मात्र नखाएवढं. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आलं की पुन्हा थापायचं असतं. तसं केलं तर आठ दिवसांत बाटलीचा तळ दिसायला हवा. आमची अर्धी भरलेली परत येते. पुन्हा त्यात काय काय घातलंय तेही बघायचं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन विकायला हवाईमध्ये २०२१ पासून मनाई आहे, प्रवाळांना बाधतात म्हणून. आणि ती अर्धी बाटली केबिन बॅगेत चालत नाही. बाटलीत तळाशी चमचाभर असेना का, वर २०० मिली छापलंय ना, मग ती २०० चीच. २००६ च्या ऑगस्टमध्ये पेयांच्या बाटल्यांतून स्फोटक द्रव विमानात न्यायचा कट लंडनमध्ये उघडकीला आला, तेव्हापासून केबिनमध्ये १०० मिलीहून मोठी बाटली नाही, हे प्रकरण मागे लागलंय. नव्या यंत्रांमुळे काही विमानतळांवर ते सैल झालंय म्हणे, पण जाताना सैल आणि येताना घट्ट निघालं तर? बाटली मोठ्या बॅगेत. पॉवर बँकेचं नेमकं उलटं, ती मोठ्या बॅगेत चालत नाही. दर खेपेला कुलूप लावल्यावरच हे मला आठवतं.

माझा स्वतःचा हट्ट एकच, दोरी. साधी सुतळीहून जरा जाड, दोन-तीन हात लांब, आणि चार कपडे वाळत घालायचे चिमटे. खोलीच्या बाल्कनीत ओले कपडे खुर्चीच्या पाठीवर पसरले की त्यांना तो कुबट वास येतो, तो मला सहन होत नाही. घरातले सगळे हसतात. परदेशात दोरी मिळत नाही का? मिळत असेल. पण ओला टॉवेल हातात घेऊन परक्या भाषेत दोरी कोण मागत बसणार?

बॅगेला चाकं लावायची कल्पना ज्याला सुचली, तोही समुद्रावरूनच परतत होता. बर्नार्ड सॅडो नावाचा अमेरिकन माणूस, १९७० साली अरुबा बेटावर सहकुटुंब सुट्टी घालवून दोन जड सुटकेसी ओढत घरी निघाला होता. विमानतळावर एक कामगार अवजड यंत्र चाकांच्या फळीवरून आरामात ढकलत नेताना त्याला दिसला. १९७२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्या दोन सुटकेसींत काय भरलं होतं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. माझा अंदाज, 'असू दे'च. चाकं आली आणि आपला हात गप्प झाला. आधी खांदा म्हणायचा पुरे, आता ते काउंटरवरचा काटा म्हणतो. बहुतेक ठिकाणी २३ किलोला.

त्या काट्याचा धाक आमच्या बाबांना भयंकर. निघायच्या आदल्या रात्री ते बॅग छातीशी कवटाळून बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभे राहायचे. बॅग मध्ये आल्यामुळे आकडा त्यांना दिसायचा नाही. तो वाचायचं काम माझं. मी फरशीवर पालथी पडायची, गाल त्यांच्या अंगठ्याला लागेल इतकी जवळ. वरून आवाज यायचा, "किती?" मी ओरडायची, "त्र्याण्णव!" "वजा एकाहत्तर," बाबा म्हणायचे, "बावीस. जमलं!" आणि बॅग धप्पकन खाली. ७१ हे बाबांचं वजन. ते त्यांच्या जन्मतारखेइतकं पक्कं होतं, ते कधी कुणी तपासलं नाही.

मी मोठी झाले, नोकरीला लागले, आईबाबांना माझ्या खर्चानं समुद्रावर न्यायचं ठरवलं. आदल्या रात्री तेच. पालथी पडायचं वय गेलं होतं, मी गुडघे टेकून वाकले. त्र्याण्णव. वजा एकाहत्तर. बावीस, जमलं.

काउंटरवर २७ भरलं.

बाबा तिथल्या बाईंशी हुज्जत घालायला लागले, तुमचा काटा बिघडलाय म्हणून. त्यांनी शेजारच्या काट्यावर ठेवून दाखवलं. सत्तावीसच. मग भर रांगेत बॅग उघडून छत्री, जाड पुस्तक, इस्त्रीचा ड्रेस सगळं बाहेर काढलं. घरचा काटा जुना झाला, यावर आमचं एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी बाबा पाण्यात शिरले आणि पहिल्या लाटेला त्यांची हाफ पँट ओघळायला लागली. एका हातानं ती धरून, दुसरा हात वर करून ते बाहेर आले, तेव्हा आई वाळूत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी खोलीवरून दोरी आणली आणि कमरेला करकचून गाठ मारली. "बघा, लागली की नाही दोरी," मी म्हणाले. बाबाही हसले. आठही दिवस ते त्या दोरीवर पोहले.

घरी आल्यावर बॅगा रिकाम्या करता करता मी बाथरूमवरून गेले. दार अर्धं उघडं होतं. बाबा काट्यावर उभे होते, हात मोकळे सोडून. मध्ये बॅग नव्हती, आकडा त्यांचा त्यांना दिसत होता. त्यांनी तो वाचला. मोठ्यानं सांगितला नाही.