लाद्यांची वही: २×न पासून ६×न पर्यंत

वहीतला प्रश्न एकच. ठरावीक उंचीची, न लांबीची पट्टी २×१ च्या लाद्यांनी किती तऱ्हांनी भरते? लादी उभी ठेवा नाहीतर आडवी. कापायची नाही, भोक सोडायचं नाही. प्रत्येक उंचीसाठी आधी रिकरन्स (मागच्या पदांवरून पुढचं पद देणारा नियम) उभा करायचा, मग तो सोडवायचा, म्हणजे न वरून थेट उत्तर देणारं सूत्र काढायचं. सोडवण्याचा भाग बहुतेक हमालीचा आहे. चुका होतात त्या उभा करताना, म्हणून इथे जास्त जागा त्याला दिली आहे.

खुणा: घातासाठी ^, वर्गमुळासाठी √. न = ० म्हणजे रिकामी पट्टी, ती भरण्याची तऱ्हा एक: काहीच न ठेवणं. इथे १ च्या जागी ० लिहिला की पुढचा सगळा हिशोब झोपतो.

नोंद १: २×न

डाव्या टोकाला उभी लादी ठेवली तर २×(न−१) उरतं. आडवी ठेवली तर तिच्या खालीही आडवीच ठेवावी लागते आणि २×(न−२) उरतं.

फ(न) = फ(न−१) + फ(न−२), फ(०) = फ(१) = १

किमती १, १, २, ३, ५, ८, १३. उभी लादी म्हणजे लघू आणि आडव्यांची जोडी म्हणजे गुरू असं वाचलं तर हा मात्रावृत्तांचा प्रस्तारच आहे, म्हणजे ठरावीक मात्रांच्या सगळ्या लघू-गुरू मांडण्यांची यादी. चार मात्रांचे पाच प्रकार: गागा, गालल, लगाल, ललगा, लललल. छंदशास्त्रकार हेमचंद्राने हा बेरजेचा नियम इ.स. ११५० च्या सुमारास दिला, त्याच्याही आधी विरहांकाने. पिसाच्या लिओनार्दोचं, म्हणजे फिबोनाचीचं, याच आकड्यांचं सशांचं कोडं १२०२ चं.

नियमात फ(न) च्या जागी य^न ठेवलं की य^२ = य + १ उरतं. त्याची मुळं: थोरलं थ = (१+√५)/२ ≈ १.६१८, धाकटं ध = (१−√५)/२ ≈ −०.६१८. थेट सूत्र:

फ(न) = [थ^(न+१) − ध^(न+१)] / √५

घात न+१ आहे, न नाही. पुस्तकातलं सूत्र ०, १, १, २ अशा सुरुवातीसाठी असतं आणि आपली सुरुवात एक घर पुढे आहे. सूत्र उतरवून घेणाऱ्यांची हमखास चूक हीच. दुसरी अडचण संगणकावरची: दशांश अपूर्णांकांत हे सूत्र चालवलं तर न ७० च्या घरात गेल्यावर उत्तर एखाद्या एककाने हुकायला लागतं. साध्या बेरजेने गेलात तर ६४ बिटांच्या सचिन्ह पूर्णांकात फ(९१) पर्यंत मावतं, फ(९२) मावत नाही.

नोंद २: २×२ ची चौरस लादीही चालेल

म(न) = म(न−१) + २म(न−२), मुळं २ आणि −१. म(न) = [२^(न+१) + (−१)^न] / ३. किमती १, १, ३, ५, ११, २१. यात अडण्यासारखं काही नाही, पुढे.

नोंद ३: उभ्या लाद्या एकूण किती?

२×न च्या सगळ्या मांडण्या शेजारी शेजारी काढल्या, तर त्या सगळ्यांत मिळून उभ्या लाद्या किती? प्रस्ताराच्या भाषेत, न मात्रांच्या सगळ्या प्रकारांत मिळून लघू किती? याला ल(न) म्हणू.

उभ्या लादीने सुरू होणाऱ्या मांडण्या फ(न−१). त्यातल्या प्रत्येकीत ती पहिली उभी लादी आहेच, शिवाय उरलेल्या भागातल्या ल(न−१). आडव्या जोडीने सुरू होणाऱ्यांत ल(न−२).

ल(न) = ल(न−१) + ल(न−२) + फ(न−१), ल(०) = ०, ल(१) = १

किमती ०, १, २, ५, १०, २०, ३८. न = ३ हाताने मोजून बघा: ललल मध्ये तीन, लगा मध्ये एक, गाल मध्ये एक, एकूण पाच.

आता गंमत. जादा पद फ(न−१) हे थ^न आणि ध^न यांचंच मिश्रण आहे, आणि डावीकडची मुळंही तीच. नेहमीच्या सवयीने विशिष्ट उकल (जादा पद भागवणारी कोणतीही एक उकल) क·थ^न धरली तर ल(न) − ल(न−१) − ल(न−२) मध्ये ती घातल्यावर शून्य येतं, क काहीही असला तरी. शून्यातून फ(न−१) निघणार नाही. विद्यार्थी इथे बेरजेत चूक शोधत बसतात. बेरीज बरोबर असते, अंदाजच फुकट गेलेला असतो. मूळ आणि जादा पद यांची टक्कर झाली की अंदाजाला न ने गुणायचं. मूळ दुहेरी असेल तर न^२ ने.

√५ ओढत न्यायचा कंटाळा असेल तर थ आणि ध सोडून द्या आणि फ मध्येच लिहा:

ल(न) = न·[क·फ(न) + ख·फ(न−१)] + ग·फ(न) + घ·फ(न−१)

फ(−१) = ० घ्या, नियम मागे चालवला की तेच येतं. चार अज्ञातं, चार किमती:

न = ०: ग = ०
न = १: क + ख + घ = १
न = २: ४क + २ख + घ = २
न = ३: ९क + ६ख + २घ = ५

पहिल्यातून घ काढून पुढच्या दोन्हींत घातला की ३क + ख = १ आणि ७क + ४ख = ३. म्हणून क = १/५, ख = २/५, घ = २/५.

ल(न) = [न·फ(न) + २(न+१)·फ(न−१)] / ५

पडताळा न = १० ला, म्हणजे सूत्र काढताना न वापरलेल्या किमतीला: (१०×८९ + २२×५५)/५ = २१००/५ = ४२०. रिकरन्सनेही ४२०. ज्या चार किमतींवरून सूत्र काढलं त्याच घालून बघणं हा पडताळा नव्हे, त्या तर जुळणारच.

न मोठा झाला की एका मांडणीतल्या न लाद्यांपैकी सरासरी १/√५ म्हणजे साधारण ४४.७ टक्के उभ्या निघतात. न = १० ला अजून ४७.२ टक्के आहे, हळूहळू उतरतं.

नोंद ४: ३×न

न विषम असेल तर घरांची संख्या विषम, म्हणून उत्तर शून्य. ३×२ ची उत्तरं तीन. आता मोह असा होतो की दोन-दोन स्तंभांचे तुकडे पाडा आणि प्रत्येकाला ३ ने गुणा. ३×४ ला ९ येतात. खरं उत्तर ११.

राहिलेल्या दोन अशा: डाव्या वरच्या कोपऱ्यात आडवी लादी, तिच्या खाली पहिल्या स्तंभात उभी. मधल्या आणि खालच्या ओळीत दुसऱ्या-तिसऱ्या स्तंभांवर आडव्या. वरच्या ओळीत तिसऱ्या-चौथ्यावर आडवी, आणि शेवटच्या स्तंभात खाली उभी. दुसऱ्या स्तंभाच्या कडेला आरपार सांधा नाहीच, दोन लाद्या तो ओलांडून गेल्या आहेत. हीच मांडणी वरची खाली उलटवली की दुसरी. ज्या तुकड्यात आतून एकही आरपार उभा सांधा जात नाही त्याला पुढे अखंड तुकडा म्हटलं आहे.

दोन क्रमिका एकदम चालवणं सगळ्यांत सोपं. त(न) म्हणजे पूर्ण पट्टी, स(न) म्हणजे एक कोपरा कमी असलेली पट्टी.

त(न) = त(न−२) + २स(न−१)
स(न) = त(न−१) + स(न−२)

त(०) = १, स(१) = १. पहिल्यातला २ विसरला जातो. कोपरा वरचा असू शकतो तसा खालचाही. पहिल्यातून २स(न−१) = त(न) − त(न−२) मिळतं. दुसरं समीकरण एक घर मागे सरकवून दुप्पट करायचं आणि त्यात हे घालायचं:

त(न) = ४त(न−२) − त(न−४)

१, ३, ११, ४१, १५३. न = २म घेतलं तर मुळं २±√३, आणि

त(२म) = [(३+√३)(२+√३)^म + (३−√३)(२−√३)^म] / ६

दुसरा भाग धन आहे आणि म = ० लाही फक्त ०.२११, म्हणून पहिला भाग काढून वरच्या पूर्णांकाला नेला तरी पुरतं. म = २ ला १०.९८५, म्हणजे ११.

नोंद ५: ४×न

इथे जोडीच्या क्रमिका मांडल्या तर चार-पाच होतात आणि खाडाखोड वाढते. अखंड तुकडे मोजणं सुटसुटीत.

रुंदी १: दोन उभ्या लाद्या एकावर एक, १ प्रकार.
रुंदी २: ४×२ च्या एकूण ५ मांडण्या, त्यातली पूर्ण उभी सांध्यावर तुटते, म्हणून ४.
रुंदी ३: सुरुवातीला वरच्या दोन ओळींत उभी, खालच्या दोन ओळींत आडव्या, मग पायऱ्यांसारखं सरकत शेवटी खाली उभी. आरशातली धरून २.
रुंदी ४: तशाच २, शिवाय मधल्या दोन ओळींत उभी ठेवून सुरू होणारी आणि तशीच संपणारी १. एकूण ३.

पुढे विषम रुंदीला २, सम रुंदीला ३, कायम. मधून सुरू होणारा प्रकार फक्त सम रुंदीलाच बंद होतो, फरक त्याचा.

च(न) = च(न−१) + ४च(न−२) + २च(न−३) + ३च(न−४) + २च(न−५) + ३च(न−६) + …

शेपूट लांबलचक, पण सहगुणक दोन घरांनी पुन्हा तेच येतात. म्हणून हीच ओळ न−२ साठी लिहून वजा करायची:

च(न) = च(न−१) + ५च(न−२) + च(न−३) − च(न−४)

च(न−४) चा सहगुणक ३ − ४ = −१. इथे चिन्ह चुकलं तर च(४) ३६ ऐवजी ३८ येतं आणि लगेच पकडता येतं. किमती १, १, ५, ११, ३६, ९५, २८१, ७८१, २२४५.

फुकटचा पडताळा: पट्टी फिरवा. ४×३ म्हणजे ३×४, दोन्हीकडे ११. ४×२ म्हणजे २×४, दोन्हीकडे ५. ४×६ चे २८१ जपून ठेवा, पुढच्या नोंदीत लागतात.

चौथ्या घाताचं समीकरण बघून घाबरायचं कारण नाही. य^४ − य^३ − ५य^२ − य + १ = ० चे सहगुणक दोन्ही टोकांकडून वाचले तरी सारखे आहेत. य^२ ने भागून झ = य + १/य ठेवलं की झ^२ − झ − ७ = ०, झ = (१±√२९)/२. तिथून थोरलं मूळ २.८४०५, त्याखालोखालचं −१.५४५६. ते ऋण असल्यामुळे लगतच्या पदांचं गुणोत्तर सरळ न जाता हेलकावे खातं: २.७७९, २.८७५, २.८२२, २.८५१. हेलकावे दिसले म्हणून पदं चुकली असं समजू नका.

नोंद ६: ६×न, चालू

पदं १, १, १३, ४१, २८१, ११८३, ६७२८, ३१५२९, १६७०८९, ८१७९९१. यातला २८१ म्हणजे मगाचा ४×६, आणि ४१ म्हणजे ३×६. रिकरन्स आठ पदांचा:

ष(न) = ष(न−१) + २०ष(न−२) + १०ष(न−३) − ३८ष(न−४) − १०ष(न−५) + २०ष(न−६) − ष(न−७) − ष(न−८)

ष(८) घालून जुळतं. इथे दोन्ही टोकांची सममिती चिन्ह बदलून येते, म्हणून झ = य − १/य घ्यायचं. तसं केलं की झ^४ − झ^३ − १६झ^२ − १३झ = ०. अचल पद गायब, झ = ० हे मूळ, म्हणजे य = १ आणि य = −१. आठव्या घातातून (य^२ − १) अलगद बाहेर पडतो आणि उरतो सहा पदांचा सुटसुटीत नियम:

ष(न) = ष(न−१) + १९ष(न−२) + ११ष(न−३) − १९ष(न−४) + ष(न−५) + ष(न−६)

न = ६ घाला: ११८३ + ५३३९ + ४५१ − २४७ + १ + १ = ६७२८. तंतोतंत. आणि तरीही नियम खोटा आहे. न = ७ ला ३१५३१ येतात, हवेत ३१५२९. न = ८ ला पुन्हा तंतोतंत १६७०८९. न = ९ ला ८१७९९३, परत दोनने जास्त.

समीकरणाचा अवयव पडतो म्हणून तो क्रमिकेतूनही काढून टाकता येत नाही. थेट सूत्रात त्या मुळाचा सहगुणक शून्य असेल तरच काढता येतो, आणि इथे १ आणि −१ दोघांचेही सहगुणक शून्य नाहीत. सहा पदांचा नियम ठेवायचाच असेल तर उजवीकडे −१ + (−१)^न जोडा: सम लांबीला काही नाही, विषम लांबीला २ वजा. म्हणजे समघाती (जादा पद नसलेल्या) रिकरन्सचा एक तुकडा उजवीकडे जादा पद म्हणून गेला, नोंद ३ सारखाच, फक्त इथे टक्कर नाही, कारण उरलेल्या सहा मुळांत ना १ आहे ना −१. एकाच किमतीवर, तीही सम लांबीवर, पडताळा थांबवला असता तर हे कळलंच नसतं.

बाकी आहे ते ८×न. तिथला शेवटचा आकडा आधीच माहीत आहे: ८×८ ला १,२९,८८,८१६, म्हणजे ३६०४ चा वर्ग. कोणत्याही आयतासाठीचं सूत्र १९६१ मध्ये कास्टलाइनने आणि स्वतंत्रपणे टेम्पर्ली-फिशर जोडीने दिलं. रिकरन्सने तिथपर्यंत पोचायचं तर ८×१ ते ८×७ ही पदं आधी लागतात. ८×२ चे ३४, ८×३ चे १५३, ८×४ चे २२४५ आणि ८×६ चे १६७०८९ पट्टी फिरवून वरच्याच नोंदींतून मिळतात. ८×५ आणि ८×७ तेवढे नव्याने मोजायचे आहेत.