शेंगा, शाई आणि आमच्या बाई

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा, असं प्राचार्यांचं पत्र आलं. पत्र हातात असतानाच जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली डोळ्यांपुढे उभी राहिली. स्टॅटची लॅब. महाविद्यालयाविषयी, संस्थेविषयी, गॅदरिंगविषयी इतर मित्र लिहितीलच. मी बाईंविषयी लिहिणार आहे. आमच्या काळातल्यांना नाव सांगायची गरज नाही. आपल्याकडे ‘बाई’ म्हटलं की संख्याशास्त्राच्या बाईच.

जून 1984 मध्ये मी एफ. वाय.ला प्रवेश घेतला. खटाव तालुक्यातून रोज एस. टी.ने यायचो. गणित बरं होतं म्हणून गणित घेतलं, भौतिकशास्त्र घेतलं आणि तिसरा विषय म्हणून संख्याशास्त्र. वडील म्हणाले, “हे कसलं शास्त्र? आकडे तर तलाठीपण लिहितो.” दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून झालेलं. त्यामुळे बाईंनी पहिल्या तासाला फळ्याच्या डाव्या बाजूला इंग्रजी आणि उजव्या बाजूला मराठी शब्द लिहिले, तेव्हा केवढा धीर आला! माध्य, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन. त्या दोन रकाने आखूनच शिकवायच्या. परीक्षेत इंग्रजीत लिही, पण डोक्यात ज्या भाषेत उतरेल त्या भाषेत उतरव, असं म्हणायच्या.

आणि गावं सांगायच्या. हा त्यांचा खास स्वभाव. पीक-उत्पादनाच्या नमुना पाहणीचं, म्हणजे थोडी शेतं मोजून सगळ्यांचा अंदाज बांधण्याचं शास्त्र देशात ज्यांनी रुजवलं आणि पुढे रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत ज्यांनी काम केलं, ते पां. वा. सुखात्मे बुधचे. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग ज्यांनी उभा केला ते हुजूरबाजार कोल्हापूरचे. दारिद्र्याचं मोजमाप करणारे वि. म. दांडेकर साताऱ्याचे. बुध तर आमच्याच तालुक्यातलं! आमच्या तालुक्यातून कुणी रोमला जाऊन जगाचं धान्य मोजत होतं, हे मला अठराव्या वर्षी बाईंमुळे कळलं. त्या संध्याकाळी एस. टी.त बसून मी तालुक्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होतो.

आता शेंगांची गोष्ट. तेवढ्यासाठीच खरं तर लेखणी हातात घेतली आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचं प्रॅक्टिकल होतं. बाईंनी बाजारातून भुईमुगाच्या शेंगांची पिशवी आणली होती. त्यातल्या 200 शेंगा मोजून टेबलावर पसरल्या आणि म्हणाल्या, “प्रत्येकाने यावं, दहा शेंगा निवडाव्यात, वजन करून परत ठेवाव्यात. या सगळ्या ढिगाचं सरासरी वजन तुमच्या दहा शेंगांनी सांगितलं पाहिजे. लहान, मोठ्या, सगळ्या तऱ्हेच्या घ्या. नीट बघून घ्या.” केमिस्ट्रीच्या लॅबमधून तराजू आणलेला होता. आम्ही बावीस जण.

माझ्या घरी भुईमूग. शेंग हातात घेतली की कळायचं आत किती भरलंय. मी चांगली पाच मिनिटं घेतली. दोन पोचट मुद्दाम घेतल्या, तीन मध्यम, बाकी बऱ्या. माझ्याइतका नेमका नमुना वर्गात कुणाचा असणार नाही, अशी मनाची खात्री. दहा शेंगांचं वजन भरलं 12.6 ग्रॅम. म्हणजे एका शेंगेला 1.26.

मग बाईंनी दोनशेच्या दोनशे शेंगा तराजूत घातल्या. 184 ग्रॅम. एका शेंगेला 0.92.

बावीस जणांतल्या एकोणीस जणांची सरासरी जास्त आली होती आणि सगळ्यांत जास्त माझी. मी हट्टाला पेटलो. म्हणालो, “बाई, तराजू चुकतोय. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे.” वर्गात कुणी हसलं. बाई नाही हसल्या. त्यांनी मला शाईचं पेन दिलं आणि प्रत्येक शेंगेवर आकडा टाकायला सांगितला, 1 ते 200. टरफलाच्या शिरांमध्ये शाई पसरायची, 68 आणि 88 सारखेच दिसायचे, बोटं निळी झाली. अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात बाईंनी यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेल्या संख्यांचा सायक्लोस्टाइल केलेला कागद सगळ्यांना वाटला. टिपेट नावाच्या माणसानं 1927 साली जनगणनेच्या अहवालांतले अंक घेऊन अशा 41,600 अंकांचं कोष्टक छापलं होतं, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. तीन-तीन अंक घ्यायचे, 200 ने भागायचं, जी बाकी उरेल त्या नंबरची शेंग उचलायची. बाकी शून्य आली तर दोनशेवी. आवडो, न आवडो.

माझ्या वाट्याला या वेळी चार पोचट शेंगा आल्या. एक तर मी जमिनीवर पडली असती तरी उचलली नसती. वजन 8.9 ग्रॅम. एका शेंगेला 0.89.

बाईंनी फळ्यावर 0.92 ची उभी रेघ मारली. डोळ्यांनी निवडलेल्यांचे बावीस ठिपके जवळजवळ सगळे रेघेच्या उजवीकडे. कोष्टकाने निवडलेल्यांचे काही डावीकडे, काही उजवीकडे, दोन तर अगदी रेघेवर. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुला शेंग कळते, यात शंका नाही. पण डोळ्याला टपोरं आवडतं बाळ, म्हणून इथे डोळ्याला विचारायचं नाही. तुमच्या गावात आणेवारी कशी ठरते?”

माझ्या अंगावर काटा आला. आणेवारी! नजरेनं पीक पाहून आकडा टाकायचा आणि त्यावर गावाला दुष्काळ लागू होणार की नाही ते ठरायचं. बहात्तरच्या दुष्काळात मी लहान होतो, पण आणेवारीवरून ओट्यावर झालेली भांडणं आठवत होती. वडिलांचा राग आठवत होता. बाईंनी पुढचा तास सगळा त्यावरच घेतला. उत्पादन मोजायला शेतात जी चौकट आखून तेवढंच पीक कापतात, ती फार लहान घेतली तर कडेची झाडं आत ओढली जातात आणि उत्पादन फुगतं, हे सुखात्म्यांनी 1946 साली दाखवून दिलं होतं. कापणारा खोटारडा नसतो. झाड अर्धं आत, अर्धं बाहेर असलं की हात आपोआप ते आत घेतो. मला माझाच हात दिसला, शेंगांवरून फिरणारा.

त्या दिवशी माझं आयुष्य ठरलं. वडिलांना रात्री सांगितलं, तर ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग हेच शिक.”

पुढे एम. एस्सी. झालो, कृषी खात्यात सांख्यिकीच्या कामाला लागलो आणि अशा चौकटी आखून पीक मोजण्याच्या पीक कापणी प्रयोगांतच सगळी नोकरी सरली. कुठल्या शेतात कापायचं तो गट नंबर कोष्टकातून निघतो. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यावर उभं राहायचं, लांबीसाठी एक आकडा, रुंदीसाठी एक आकडा, तितकी पावलं चालायचं आणि तिथेच चौकटीची खुंटी मारायची. टपोरं असो, करपलेलं असो. नव्या मुलांना प्रशिक्षण देताना दरवर्षी मी 200 शेंगा घेऊन जायचो. दरवर्षी ठिपके उजवीकडेच गेले. आता मोबाइलवर ॲप आहे, जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. चांगलंच आहे. पण शेंगेवर आकडा घालताना जे बोटांतून आत जातं, ते त्यात नाही, असं मला मनापासून वाटतं.

मागच्या वर्षी आलो तेव्हा स्टॅटची लॅब शोधली. तिथे आता दुसराच वर्ग भरतो. हँडल फिरवून आकडेमोड करायची ती जड फॅसिट यंत्रं, भागाकारात एक फेरा जास्त झाला की टिंग करणारी, कुठे गेली कुणाला सांगता आलं नाही. पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र घेणारी मुलंही फार उरली नाहीत म्हणे. सगळं जग डेटा डेटा करत असताना आपल्या मुलांना हा विषय नको व्हावा, याचं वाईट वाटतं. यंत्रं कुणाकडे असतील तर कळवावं, दुरुस्तीचा खर्च मी करीन.

बाईंची शेवटची भेट 2019 मध्ये, त्यांच्या घरी. मी त्यांना आदल्या खरिपातली हकीगत सांगितली. पाऊस दगा देऊन गेला होता, बाजरी वाळली होती. एका शेतात खुंटी नेमकी ओलाव्याच्या पट्ट्यात पडली, जिथे पीक जरा उभं होतं. शेतकरी हात जोडून म्हणाला, “साहेब, दहा पावलं इकडे घ्या, बघा काय उरलंय.” विमा त्या आकड्यावर ठरणार होता. मी खुंटी हलवली नाही. बाईंनी जे शिकवलं तेच केलं, हे त्यांना सांगावं म्हणूनच गेलो होतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “बरोबर केलंस,” म्हणाल्या. थोड्या वेळानं विचारलं, “त्यांचं पुढे काय झालं?”

मला माहीत नव्हतं. मंडळाची, म्हणजे आजूबाजूच्या गावांच्या गटाची सरासरी तोंडपाठ होती, त्या माणसाचं नाव आठवत नव्हतं.

“जाऊन ये एकदा,” बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी गेलो. ते शेतातच होते, दोन एकरांपैकी एक पेरलं होतं. मला ओळखलं त्यांनी. बांधावर बसवलं, घरून चहा मागवला. मी त्यांना नैऋत्य कोपरा, कोष्टक, शेंगा, सगळं सांगितलं. तासभर बसलो. घरी आल्यावर बाईंना फोन केला आणि त्यांनी पहिलं विचारलं ते त्या माणसाचं नाव. या वेळी मला सांगता आलं.