काळी चारचा तिढा : सहा शार्प की सहा फ्लॅट?

मंडळी, बंदिशी पाश्चात्त्य पाच रेघांच्या स्टाफवर छापताना काळी चार ही पट्टी (म्हणजे गाणाऱ्याचा सा ज्या सुरावर तो सूर) छळत होती, ती अखेर सुटली. म्हणजे बरीचशी सुटली. किरवाणी रागाने शेवटी पाचर मारलीच, पण ते ओघात येईल.

मागच्या नोंदीतलं पट्ट्यांचं टेबल आठवत असेल. पेटीवरची काळी एक म्हणजे सी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प, असा एकास एक मामला (शार्प म्हणजे अर्धा स्वर वर, फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर खाली). माझ्या स्क्रिप्टला गाणाऱ्याची पट्टी सांगायची, लिलीपाँडने (लिहिलेल्या मजकुरातून नोटेशन छापणारा प्रोग्राम) बंदिश सी वरून उचलून तिथे नेऊन ठेवायची, की पीडीएफ तयार. पांढऱ्या पट्ट्यांवर हे छान चाललं होतं. मग ग्रुपमधल्या ताईंसाठी बिलावल थाटातली (थाट म्हणजे रागाचा मूळ सात सुरांचा साचा) एक चीज काळी चारला काढली आणि ओळीच्या सुरुवातीच्या क्लेफच्या खुणेशेजारी सात खुणांची रांग उभी राहिली, त्यातली एक चक्क डबल शार्प! व्हायोलिनवाल्याने कागद उलटा धरून पाहिला आणि काही न बोलता परत दिला.

लिलीपाँडचा यात दोष नाही. बिलावल म्हणजे पाश्चात्त्य मेजर; जी शार्प मेजर मागितला, त्याने दिला. आठ शार्प होतात, म्हणून एफवर दोन. हा प्रोग्राम मनाने काही ठरवत नाही आणि मला तो त्यासाठीच आवडतो. की-सिग्नेचर (सुरुवातीची शार्प-फ्लॅटची रांग) काहीही लावा, सूर तुम्ही लिहाल तोच उमटणार. माउसने खुणा ओढून टाकायच्या एडिटरांत ऐकून बघण्याची सोय झकास असते, पण तिथे पट्टी बदलली की कोणता सूर कोणत्या नावाने येईल याचा भरवसा मला अजून वाटत नाही.

बरं, टेबलात काळी चारला ए फ्लॅट करून टाकावं, तर बिलावल चार फ्लॅटमध्ये देखणा बसतो, पण आसावरी थाट, म्हणजे पाश्चात्त्य मायनर, बिघडतो. ए फ्लॅट मायनर म्हणजे सात फ्लॅट. तोच जी शार्प मायनर म्हणून लिहिला तर पाच शार्पमध्ये भागतं. म्हणजे एकाच पट्टीला थाटाप्रमाणे दोन नावं हवीत. टेबल फेकलं.

त्याच्या जागी आता साधी बेरीज आहे, आणि तिच्यावर मी बेहद्द खूश आहे. षड्ज-पंचम भावाची साखळी घ्या. सी शून्यावर, मग जी १, डी २ असं पंचमापंचमाने चढत जी शार्प येतो ८ वर. उलट दिशेला एफ उणे १, बी फ्लॅट उणे २, ए फ्लॅट उणे ४. यात थाटाचा आकडा मिळवायचा: कल्याण अधिक १, बिलावल शून्य, खमाज उणे १, काफी उणे २, आसावरी उणे ३, भैरवी उणे ४. उत्तर अधिक आलं तर तितके शार्प, उणे आलं तर तितके फ्लॅट. म्युझिकएक्सएमएलमध्ये (एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नोटेशन नेण्याचा फाइल प्रकार) ‘फिफ्थ्स’ नावाचा आकडा असतो तो हाच, त्यामुळे एक्स्पोर्टचं कामही फुकटात झालं. दोन्ही नावांनी बेरीज करायची आणि शून्याच्या जवळचं उत्तर ठेवायचं. भैरवी काळी चारला जी शार्पवरून चार शार्पमध्ये, कल्याण ए फ्लॅटवरून तीन फ्लॅटमध्ये, खमाज पाच फ्लॅटमध्ये. सगळे पहिल्या फटक्यात वाचनीय. कल्याण थाटातल्या यमनचा कागद व्हायोलिनवाल्याने सुलटा धरला.

आणि मग काफी. ८ उणे २ म्हणजे सहा शार्प. उणे ४ उणे २ म्हणजे सहा फ्लॅट. बरोबरी! काळी एकला हाच प्रकार खमाजचा होतो, तिथेही सहाला सहा.

नाणं उडवून मोकळं होता आलं असतं. पण काफी अंगाचे राग थाटाच्या चौकटीत कुठे राहतात? पिलूत शुद्ध निषाद येणार, शुद्ध गंधारही डोकावणार. जी शार्पवरून लिहिलं तर शुद्ध नी होतो एफ डबल शार्प आणि शुद्ध ग होतो बी शार्प. ए फ्लॅटवरून लिहिलं तर तेच सूर जी नॅचरल आणि सी नॅचरल, दोन्ही निमूट. म्हणजे निकाल थाटाने लावायचाच नाही, बंदिशीत थाटाबाहेरचे जे सूर येतात त्यांनी लावायचा. स्क्रिप्ट आता आधी सगळे सूर चाळते, दोन्ही नावांनी अ‍ॅक्सिडेंटल (सिग्नेचरबाहेरच्या सुराला जागेवर लावायच्या खुणा) मोजते आणि डबल शार्पला जबर दंड लावते. काळी एकला खमाज थाटातला देस राग फ्लॅटकडे गेला, कारण त्याचा शुद्ध नी तिथे साधा सी नॅचरल होतो. त्याच थाटातल्या जयजयवंतीने मात्र पुन्हा बरोबरी केली. शार्पमध्ये बी शार्प आडवा येतो, फ्लॅटमध्ये कोमल गंधारापायी एफ फ्लॅट. तिथे सध्या मी हाताने ठरवतोय.

कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो: लिलीपाँडच्या कागदपत्रांत अवघड खुणा सोप्या करणारं एक फंक्शन आहे, ते लावून पाहिलं. एफ डबल शार्पचा ते जी करतं, बी शार्पचा सी. पियानोला चालेल. पण मग नी आणि सा एकाच रेघेवर येतात आणि मींडेच्या जागी नुसतं नॅचरल-शार्प-नॅचरल दिसत राहतं. सरगमेत विचार करणाऱ्याला ते बघवत नाही.

आता पाचर. किरवाणी म्हणजे हार्मोनिक मायनर: ग आणि ध कोमल, नी शुद्ध. मायनरच्या सिग्नेचरमध्ये हा शुद्ध नी कधीच नसतो, पाश्चात्त्य लोकही तो दर वेळी वेगळा लिहितात, तेव्हा तक्रार त्याची नाही. काळी चारला पर्याय दोनच: पाच शार्प आणि प्रत्येक नी डबल शार्प, किंवा सात फ्लॅट आणि प्रत्येक नी नॅचरल. दंड वाढवला की फंक्शन सात फ्लॅटकडे पळतं, कमी केला की डबल शार्पकडे. दोन्ही छापून पाहिले. आमचा व्हायोलिनवाला मडगावचा, कॉयरमध्ये स्टाफ वाचतच वाढलेला, समोर ठेवाल ते वाजवतो. त्यानेही दोन्हींना नाक मुरडलं.

ही नोंद लिहायला बसलो तेव्हा इथवरच मजल होती आणि दंडाचे आकडे तुमच्यापुढे टाकून मत विचारणार होतो. पण काल तालमीत पेटीवाल्याकडे लक्ष गेलं. त्याची पेटी स्केल चेंजर. ताई काळी चारला गातात आणि हा पट्टी सरकवून निवांत पांढरी सहाची (म्हणजे ए ची) बोटं वाजवत असतो! मग कागदानेच स्केल चेंज का करू नये? व्हायोलिनच्या चारही तारा अर्धा स्वर उतरवायच्या आणि कागदावर ए मायनर लिहायचा. सिग्नेचर कोरी, शुद्ध नी म्हणजे एक जी शार्प, बस्स. आपल्याकडे सा-पला व्हायोलिन लावतातच, तेव्हा तारा हलवणं हा काही अधर्म नाही. त्याच्याकडे दुसरं व्हायोलिन पडून आहे, तो तयार झाला.

लिलीपाँडमध्ये यासाठी ‘ट्रान्सपोझिशन’ची एक ओळ पुरते. सी लिहिला तर खालचा बी वाजेल एवढंच सांगायचं, मग मिडी (प्रोग्रामने वाजवून दाखवायची फाइल) ऐकताना पट्टी बरोबर येते. म्युझिकएक्सएमएलमध्ये थोडी गंमत आहे. तिथे ‘क्रोमॅटिक’ उणे १ तर द्यायचाच, पण ‘डायटॉनिक’ शून्य ठेवला तर ए चा ए फ्लॅट होतो आणि उणे १ दिला तर जी शार्प. म्हणजे ज्या नावासाठी इतकी बेरीज-वजाबाकी केली ते शेवटी एका आकड्यात राहतं, आणि वाजवणाऱ्याला ते दिसतसुद्धा नाही. माझ्या बेरजेचं मोल थोडं घसरलं खरं. तरी टाकणार नाही. तारा न उतरवणारे पुष्कळ आहेत आणि बासरीवाल्याला तर हा उपाय लागूच नाही.

भैरव, पूर्वी, मारवा, तोडी अजून बाहेरच आहेत. त्यांना साखळीवर एक आकडा देताच येत नाही. लिलीपाँडमध्ये स्वतःचा मोड बांधता येतो आणि तो ट्रान्सपोजही नीट होतो. ए वरचा भैरव तसा छापला, सिग्नेचरमध्ये बी फ्लॅट, सी शार्प, जी शार्प अशी खिचडी. हंगेरियन संगीतकार बार्टोकने असल्या मिश्र सिग्नेचर वापरल्यात, तेव्हा पुराव्याला माणूस भक्कम आहे. पण समोर बसून पहिल्यांदा वाचणारा हमखास अडखळतो. सध्या नुसता बी फ्लॅट सिग्नेचरमध्ये ठेवून दोन्ही शार्प जागेवर लिहितोय. दिसायला डी मायनर, वाजायला भैरव. तोडीला अजून हात लावलेला नाही.

मिडीतून काही परत आणायचा नाद मात्र सोडला. त्यातल्या की-सिग्नेचरला जागा दोन बाइटची: एकात उणे ७ ते ७, दुसऱ्यात मेजरला ० आणि मायनरला १. भैरवीला त्यात खोलीच नाही. सी वरची भैरवी चार फ्लॅट आणि मायनर म्हणून घातली तर उघडणारा प्रोग्राम तिला एफ मायनर समजतो, म्हणजे आपला मध्यमच सा होऊन बसतो. म्हणून सा आणि थाट आता सोर्स फाइलच्या डोक्यावर वेगळ्या ओळीत लिहून ठेवतो आणि स्क्रिप्ट तिथूनच वाचते. सूर मोजून ‘की’ (पाश्चात्त्य पट्टी) ओळखणारे प्रोग्रामही बाजूला ठेवले. चोवीस मेजर-मायनरमध्ये ते यमन शोधणार, आणि इकडे तानपुरा पहिल्या मिनिटापासून सा सांगतोय.

पुढचं काम बासरीचं. काळी चारची बासरी हातात असलेल्याला स्टाफवर काय लिहून द्यायचं, खरा सूर की बोटांचा? कुणी छापून वाजवलं असेल तर कागदाचा फोटो टाका. आणि जयजयवंती काळी एकला शार्पमध्ये वाचणारा कुणी असेल तर त्याचंही कारण ऐकायचंय.