टोमॅटो पास्ता: खरं काम शेवटच्या दोन मिनिटांत

घरच्या टोमॅटो पास्त्याची नेहमीची रड एकच: पास्ता एकीकडे, सॉस दुसरीकडे आणि ताटलीच्या तळाशी लालसर पाणी. टोमॅटो बहुतेक वेळा चांगलेच असतात. पास्ता आणि सॉस वेगवेगळे शिजवून नुसते एकावर एक ओतले की असं होतं.

दोघांसाठी 200 ग्रॅम स्पॅगेटी, 500 ग्रॅम पिकलेले टोमॅटो, 3 मोठे चमचे ऑलिव्ह ऑइल, लसणाच्या 4 पाकळ्या, चिमूटभर चिली फ्लेक्स, बेसिलची आठ-दहा पानं आणि मूठभर किसलेलं पार्मेझान चीज. पास्ता ड्युरम, म्हणजे कडक दाण्याच्या गव्हाचा घ्या. मैद्याचा फार लवकर लगदा होतो.

आधी पाणी चढवा, सगळ्यात जास्त वेळ तेच खातं. 2 लिटर पाण्याला 20 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण एक मोठा चमचा. जास्त वाटेल, पण पास्त्याच्या आत चव शिरते ती इथेच. पाण्यात तेल घालू नका. ते वर तरंगतं आणि उपसताना पास्त्याला लागतं, मग सॉस त्यावर ठरत नाही. चिकटू नये म्हणून पहिली दोन मिनिटं ढवळणं पुरेसं आहे.

तोवर टोमॅटो अर्धे कापून किसणीवर किसा. साल हातात राहते, सोलायची कटकट नाही. लसणाचे पातळ काप थंड तेलात टाका आणि मगच मंद आचेवर ठेवा. कडकडीत तेलात ते बाहेरून करपतात, आतून कच्चेच राहतात, आणि तो कडवटपणा सॉसमधून कशानेही जात नाही. लसूण तपकिरी झालाच तर तेलासकट टाकून द्या आणि नव्याने सुरुवात करा. कडा जेमतेम सोनेरी दिसल्या की चिली फ्लेक्स, लगेच टोमॅटो आणि पाव चमचा मीठ. पसरट स्टीलचं भांडं उत्तम. लोखंडी कढईत टोमॅटोच्या आंबटपणामुळे धातूची चव उतरते. झाकण न ठेवता 10-12 मिनिटं आटवा. चमचा फिरवल्यावर तळ क्षणभर दिसला आणि कडेने तेल सुटलं की झालं. फारच आंबट असेल तर चिमूटभर साखर.

पास्ता मात्र पाकिटावरच्या वेळेच्या 2 मिनिटं आधीच काढायचा. एक तुकडा चावून बघा, मधोमध बारीक पांढरा ठिपका दिसायला हवा. उपसण्याआधी कपभर पाणी बाजूला काढा. पास्ता धुवायचा अजिबात नाही, वरचं स्टार्चच आपल्याला हवं असतं. तो थेट सॉसमध्ये टाका, अर्धा कप पाणी ओता आणि मोठ्या आचेवर 2 मिनिटं सतत हलवत राहा. स्टार्चमुळे तेल आणि टोमॅटोचा रस फुटून वेगळे होत नाहीत, आणि उरलेला कच्चेपणा पास्ता सॉस पिऊनच भरून काढतो. भांडं तिरकं केलं तर सॉस पास्त्याबरोबर सरकायला हवा. मागे पाणी उरत असेल तर अजून अर्धं मिनिट, कोरडं वाटलं तर चमचा-दोन चमचे पाणी.

गॅस बंद करून अर्धं मिनिट थांबा, मगच चीज आणि हाताने तोडलेलं बेसिल घाला. उकळत्या सॉसमध्ये चीजच्या चिवट गुठळ्या होतात. मीठ सगळ्यात शेवटी चाखा, कारण पाणी आणि चीज दोन्ही खारट आहेत. आणि लगेच वाढा: पाच मिनिटांत पास्ता सॉस शोषून घट्ट होतो. उरलेलं पाणी म्हणूनच जेवण होईपर्यंत ओतून देऊ नका, दुसऱ्यांदा वाढताना लागतं.